रोपांचा रविवार-दवाखाना: कुंडी घेऊन येणाऱ्याला काय विचारायचं, काय सांगायचं?

परसदार

चार सोसायट्यांमधले आठ-दहा जण मिळून दर रविवारी ९ ते ११ बागेच्या फाटकाशी टेबल मांडणार आहोत. लोकांनी आपली आजारी कुंडी नाहीतर फांदी आणायची, आम्ही बघून सांगायचं. पैसे नाहीत. महिन्यातून एकदा शिकवणी: कुंडी भरणं, पाचोळ्याचं खत, बी पेरणं. गाव पुणे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि नर्सरीतून आणलेली लाल नाहीतर काळी माती हे धरून चाला.

प्रश्न तीन. टेबलावर सामान काय हवं? चुकीचा सल्ला जाऊ नये म्हणून काय करावं? आणि वीस जणांच्या शिकवणीला नेमकं किती सामान आणावं? नुसतं ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून जाऊ नका, आकडे द्या.

निंबोळी

स्तुत्य उपक्रम. (राहवलं नाही.)

सामान: १० पट मोठं दाखवणारं हस्तभिंग, पांढरे कोरे कागद, छाटणीची कात्री, ती पुसायला स्पिरिट आणि कापूस, खुरपं, जुनी वर्तमानपत्रं, झिपच्या प्लास्टिक पिशव्या, एक बादली पाणी, ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज. सिरिंज विसरू नका, तिच्यावर पुढे लिहिते.

कात्री प्रत्येक झाडानंतर पुसायची. मिलीबग (पिठ्या ढेकूण) लागलेली जास्वंद मांडवात उघडी ठेवायची नाही. लोक कुंड्या शेजारी शेजारी ठेवून गप्पा मारतात आणि तुमच्याच टेबलावरून कीड चार घरी जाते. शक्यतो फांदीच पिशवीत बंद करून आणायला सांगा आणि सोबत पूर्ण झाडाचा फोटो. कुंडी फक्त मुळांचा संशय असेल तेव्हा.

तीन माणसं लागतात. एक विचारणारा, एक बघणारा, एक लिहिणारा. एका झाडाला आठ मिनिटं धरली तर दोन तासांत पंधरा झाडं होतात. सोळाव्याला पुढच्या रविवारचा क्रमांक द्या, घाईत उत्तर देऊ नका.

टकोमाकर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर. मी राहतो त्या वॉशिंग्टन राज्यातच ‘मास्टर गार्डनर’ ही पद्धत सुरू झाली, म्हणून थोडं लिहितो. १९७० च्या सुमारास सिअ‍ॅटल-टकोमा भागात शहर वाढलं आणि विद्यापीठाच्या कृषी विस्तार कार्यालयात घरगुती बागवाल्यांचे इतके प्रश्न येऊ लागले की शेतकऱ्यांसाठी वेळच उरेना. डेव्हिड गिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा काढला: लोकांना आधी शिकवायचं आणि त्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास इतरांना सल्ला द्यायचा. १९७२ मध्ये टकोमाच्या मॉलमध्ये टेबल मांडून चाचणी झाली, १९७३ मध्ये पहिले वर्ग भरले. आता अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हे चालतं. तासांचा हिशेब प्रत्येक राज्याचा वेगळा.

तुम्हाला तिथून उचलण्यासारखे नियम:

‘माझ्याकडे हे चालतं’ हे उत्तर नाही. विद्यापीठाच्या किंवा संशोधन केंद्राच्या शिफारशीत जे आहे तेच सांगायचं.

येत नसेल तर नंबर लिहून घ्यायचा आणि शोधून दोन दिवसांत कळवायचं.

कंपनीचं नाव घ्यायचं नाही, घटक सांगायचा. सल्ल्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

अळंबी खाण्याजोगी आहे का आणि अमुक पाला कशावर औषधी आहे, या दोन्ही प्रश्नांना टेबलावर उत्तर नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी.

गच्चीवाला_नागपूर

नियम चांगले आहेत, पण आपल्याकडे घरच्या कुंड्यांसाठी विद्यापीठाची शिफारस कुठे मिळते? ‘हेक्टरी ७५ किलो नत्र’ वाचून कुंडीत किती घालायचं?

टकोमाकर

मुद्दा बरोबर. खताचं गणित कुंडीला उतरत नाही. पण कीड ओळखणं, तिचं जीवनचक्र, कोणता घटक कशावर चालतो हे सगळं तिकडच्या कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत मराठीत आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार विद्यापीठं आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं. एका स्वयंसेवकाकडे तेवढंच काम द्या: त्या पुस्तिका गोळा करायच्या आणि टेबलाखाली पेटीत ठेवायच्या.

काळीमाती

प्रश्नांचा क्रम सांगतो, कारण गाडी इथेच घसरते. माणूस येतो आणि म्हणतो, “पानं पिवळी पडतात, काय मारू?” ‘काय मारू’ला उत्तर द्यायचंच नाही. आधी हे विचारा:

कुंडी कुठल्या दिशेला, थेट ऊन किती तास? पाणी किती दिवसांनी आणि किती? खाली भोक आहे का, ताटलीत पाणी साचतं का? माती कधी बदलली? गेल्या महिन्यात काय काय घातलं? पिवळेपणा आधी नव्या पानांवर आला की जुन्या?

‘काय काय घातलं’ हे दोनदा विचारा. पहिल्यांदा उत्तर येतं, “काही नाही.” दुसऱ्यांदा चहाची पावडर, कांद्याचं पाणी, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण, डीएपीचे चार दाणे अशी यादी निघते.

शेवटच्या प्रश्नावर अर्धं निदान होतं. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी: नत्र कमी. जुन्याच पानांच्या शिरांमधला भाग पिवळा: मॅग्नेशियम. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार: लोह. जुन्या पानांच्या कडा करपलेल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं: क्षार, म्हणजे टँकर-बोअरचं पाणी. सगळंच झाड मलूल आणि माती ओली: मुळं कुजली. कुंडी आडवी करून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी-कडक असली तर ठीक, तपकिरी आणि ओढल्यावर साल निघून दोरा हाती राहिला तर कुजलेली. वासही येतो.

मातीला ओल असताना माना टाकलेल्या झाडाला लोक आणखी पाणी घालतात, कारण तहानेलेलं झाडही तसंच दिसतं. म्हणून बोट दोन पेरं मातीत घालून बघायला प्रत्येकाला तिथेच लावा. सांगून कळत नाही.

चाफेकळी

लोहाबद्दल जोडते. लिंबाची कुंडी हमखास येणार आणि लोक आधीच ‘लोहाचं खत’ घालून आलेले असणार. आपल्याकडची चुनखडीयुक्त माती आणि जड पाणी यामुळे पीएच (माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) आठच्या आसपास जातो आणि मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. नुसतं फेरस सल्फेट मातीत घातलं तर तेही लवकर निकामी होतं. चिलेटमध्येही (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग) फरक आहे: ईडीटीए साधारण साडेसहा पीएचच्या वर टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. पाकिटावर हे पाच अक्षरी नाव बघूनच घ्यायला सांगा.

आणि लोह द्यायच्या आधी मुळं बघा. पाणी साचलेल्या कुंडीतही नवी पानं अशीच दिसतात.

रत्नांग्री

हे देशावरचं झालं. आमच्याकडे जांभ्याची आम्ल माती, तिथे हा प्रकार क्वचित. कोकणातल्या कोणी हा धागा वाचून ईडीडीएचए आणायला धावू नका. आमचं दुखणं पावसाचं: चार महिने कुंडीतून पाणी वाहून नत्र-पालाश धुऊन जातं. गणपतीनंतर खत द्या.

निंबोळी

आता सिरिंज. ‘एक लिटरला एक झाकण’ असं सांगू नका. झाकणं ५ मिलीपासून २० मिलीपर्यंत असतात. कडुनिंबाच्या तेलाचं प्रमाण चौपट झालं तर पानं भाजतात आणि माणूस म्हणतो सल्ला वाईट.

मिलीबग, मावा, पांढरी माशी यांच्यासाठी: ५ मिली कडुनिंब तेल आणि २ मिली पातळ साबण आधी एकत्र घोटा, मग थोडं कोमट पाणी घालून दुधाळ करा, मग एक लिटर पुरं करा. तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. शेवटच्या झाडाची वाट लागते. बनवलेलं त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी फवारा, पानांच्या खालून. आदल्या दिवशी झाडाला पाणी पाजलेलं हवं. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. दर सहा-सात दिवसांनी, तीन वेळा, कारण अंड्यांवर परिणाम होत नाही आणि नवी पिल्लं निघत राहतात. एकदाच फवारून ‘उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

पण फवारणीच्या आधी जास्वंदीचे चुरगळलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात, खताच्या ढिगात नाही. उरलेल्यावर पाण्याचा जोराचा फवारा. आणि मुंग्या बघा. मिलीबगचा गोड चिकटा खायला मुंग्या येतात, त्याच त्यांची राखण करतात आणि पिल्लं दुसऱ्या फांदीवर नेऊन ठेवतात. कुंडी भिंतीपासून सुटी करून तिच्या स्टँडचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवले की निम्मं काम होतं.

काळीमाती

मिरचीच्या चुरडा-मुरड्यासाठी एक ओळख टेबलावर चिकटवून ठेवा. पानाच्या कडा वर वळल्या, होडीसारख्या: फुलकिडे. कडा खाली वळल्या, उलटी होडी, आणि देठ लांबलेला: कोळी (माइट, घरातला कोळी नव्हे). पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. लांबट, धावणारे ठिपके म्हणजे फुलकिडे. मिरचीवरचा कोळी इतका बारीक की भिंगातूनही कष्टाने दिसतो. कोळ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण पारा ३२ अंशांच्या वर असताना नाही आणि तेल फवारल्यापासून दोन आठवडे नाही, नाहीतर पानं जळतात. पानं पिवळी, बारीक आणि झाडच खुजं राहिलं असेल तर तो विषाणू, पांढऱ्या माशीने आणलेला. त्याला काही नाही. उपटा. हे सांगायला जड जातं, पण सांगा.

गच्चीवाला_नागपूर

>> “काय मारू?” ‘काय मारू’ला उत्तर द्यायचंच नाही

शंभर टक्के. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो तिथेच घोळ आहे, औषध म्हटलं की जास्त घेतल्याने लवकर गुण येईल असं वाटतं.

लोक विचारतील, कुंडीत थिमेटचे दाणे टाकू का. फोरेट (म्हणजेच थिमेट) आणि डायक्लोरव्हॉस (नुवान म्हणून माहीत असलेलं) या दोन्हींवर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा गॅलरीच्या कपाटात अजून सापडतो. त्या कुंडीतली कोथिंबीर-पुदिना खायचा नाही आणि माती बागेत ओतायची नाही, एवढं स्पष्ट सांगा.

चिंगी२

शेणखतातल्या पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या घेऊन लोक येतात. सगळ्यांना हुमणी म्हणायचं का?

काळीमाती

नाही. फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरकली तर ती कुजलेलं खाणाऱ्या फूलभुंग्याची, निरुपद्रवी, खताच्या ढिगात परत टाका. पायांवर किंवा कुशीवर वळवळत राहिली तर हुमणी धरा, ती मुळं खाते. माती चाळून वेचा. कच्चं शेणखत वापरल्याने हे येतं. पुरतं कुजलेलं शेणखत काळं, भुसभुशीत असतं, शेणाचा वास येत नाही आणि मुठीत गरम लागत नाही.

परसदार

वाचतोय, सगळं उतरवून घेतोय. शिकवणीच्या सामानाचं कोणी सांगेल का? वीस माणसं, प्रत्येकाने एक ८ इंची कुंडी भरून घरी न्यायची असा बेत आहे. तळाला विटांचे तुकडे किती लागतील?

चाफेकळी

विटा शून्य. भोकावर एक खापर उपडं, तेही माती वाहू नये म्हणून. बस.

बाकी हिशेब: ८ इंची कुंडीत सुमारे ४ लिटर मिश्रण. वीस कुंड्यांना ८०. मिसळल्यावर आणि पाणी घातल्यावर बसतं, म्हणून ९० धरा. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट: म्हणजे ४५ लिटर माती, प्रत्येकी २२-२३ लिटर बाकीचं. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते, तीन आणा. आदल्या रात्री भिजवा, सकाळी पाणी बदलून दोनदा पिळा. नारळाच्या चोथ्यात मीठ असतं. निंबोळी पेंड कुंडीला २५ ग्रॅम, एकूण अर्धा किलो. माती निव्वळ काळी असेल तर ती एकच भाग घ्या आणि एक भाग जाड वाळू, नाहीतर वाळली की भेगा पडून पाणी कडेने निघून जातं.

देशपांडे_आजोबा

विटा शून्य? आमच्या पिढीने वीतभर तुकडे घालूनच कुंड्या भरल्या. निचरा कसा होणार मग?

चाफेकळी

आजोबा, वीतभर तुकड्यांच्या कुंडीत झाडं जगतातच, पण तुकड्यांमुळे नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती तुडुंब भिजेपर्यंत ती पाणी धरून ठेवते आणि मगच सोडते. म्हणजे तळाशी जो चिखलाचा थर राहायचा तो विटांच्या वर येऊन बसतो, मुळांच्या आणखी जवळ. मातीची उंचीही कमी होते.

शिकवणीत दाखवायचं तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवा, आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या. मग तोच उभा करा. परत पाणी गळायला लागतं. उंच मातीतून जास्त पाणी उतरतं हे पोरांनाही कळतं. निचरा वाढवायचा तर मिश्रणात वाळू-कोकोपीट आणि तळाला ८-१० मिमीची पाच-सहा भोकं.

देशपांडे_आजोबा

स्पंज करून पाहिला. बरं.

पानगळ

पाचोळ्याची शिकवणी फेब्रुवारी-मार्चमध्ये ठेवा, तेव्हा झाडं पानं टाकतात आणि झाडूवाले ढीग पेटवतात. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ च्या आदेशात ५,००० रुपये दंड सांगितला आहे, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. भांडण्यापेक्षा सोसायटीच्या सूचनाफलकावर हे लावा आणि शेजारी जाळीचा पिंजरा उभा करा.

पिंजरा: तीन फूट उंचीची वेल्डमेश जाळी, दहा फूट लांब. गोल वळवून टोकं तारेने बांधली की तीन फूट व्यासाचं पिंप होतं, सुमारे ६०० लिटर मावतात. खाली माती हवी, फरशी नको. पानं फूटभर घाला, पायाने दाबा, भिजवा, एक किलो ताजं शेण पाच लिटर पाण्यात कालवून वर शिंपा, मग पुढचा थर. शेण नसेल तर आधीचं तयार खत दोन-तीन पाट्या. प्रत्येक थर वेगळा भिजवायचा, वरून नळी सोडून चालत नाही. पाणी कडेने पळतं आणि मधली पानं सहा महिन्यांनी जशीच्या तशी कोरडी निघतात. पिंजरा फसण्याचं मुख्य कारण हेच. मूठ दाबली की दोन-चार थेंब यावेत.

महिन्याला एकदा जाळी सोडून शेजारी उभी करा, ढीग त्यात उपसून भरा. वर्षावृक्ष, गुलमोहर, कडुनिंब यांची बारीक पानं चार ते सहा महिन्यांत होतात. आंबा, वड, फणस यांची चिवट पानं वर्षभर रेंगाळतात, ती वेगळी ठेवा किंवा आधी तुडवून चुरा. ढीग पाव-पाचवा हिस्साच उरतो, “एवढंच?” म्हणतील, आधी सांगून ठेवा. पार्किंगपासून लांब. कोरड्या ढिगात सिगारेटचं थोटूक पडायला वेळ लागत नाही.

गच्चीवाला_नागपूर

अवांतर, पण विचारलं जाईलच: गच्चीवर वाफे करू का? ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर. फूटभर खोल वाफा म्हणजे चौरस मीटरला ४५०-५०० किलो. माणसं ये-जा करतात अशा गच्चीसाठी भारतीय मानक १५० किलोच्या आसपास भार धरतं. तुमच्या टेबलाने ‘हो’ म्हणायचं नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवायचं. कुंड्या असतील तर कडेला, तुळईच्या रेषेत, आणि मिश्रणात पाचोळ्याचं खत जास्त.

चिंगी२

शाळेत जाणार असाल तर सुट्ट्या बघून पीक निवडा. मेथी २५-३० दिवस, पालक महिना-सव्वा महिना, मुळा ४०-४५, भेंडीची पहिली तोडणी दीड महिन्याने. जूनअखेर पेरलं तर दिवाळीच्या सुट्टीआधी सगळं हाती येतं. मुलांना धणे पेरायला देऊ नका, पंधरा दिवस काही उगवत नाही आणि मुलं उकरून बघतात. दिलेच तर चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून.

निंबोळी

दुधीची फुलं गळतात म्हणून तक्रार आली तर पराग हाताने लावायला शिकवा, पण वेळ सांगायला विसरू नका. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं पहाटे. सकाळी दहाला दोन्ही फुकट. मादीफुलाच्या मागे बोटभर दुधी असतोच, त्यावरून ओळखायचं.

परसदार

शेवटचं एक. तुळस. डिसेंबरात रांग लागेल असं दिसतंय.

काळीमाती

लागेल. थंडीत तुळस वाढ थांबवते, मंजिऱ्या धरते आणि पानं गाळते. त्यातच रोज तांब्याभर पाणी. वृंदावनाला तळाला भोक आहे का हे आधी विचारा. विकतच्या सिमेंटच्या वृंदावनांना बहुतेकदा नसतं किंवा रंगाने बुजलेलं असतं. आतली माती काढून १० मिमीच्या बिटाने दोन भोकं पाडायची. पूजेला पाणी घालू नका असं सांगू नका, कोणी ऐकणार नाही आणि ऐकावंही का? पळीभर घाला म्हणा. मंजिऱ्या बी काळं व्हायच्या आत खुडायच्या, दोन-तीन मात्र झाडावर वाळू द्यायच्या, त्यांचं बी जूनमध्ये वर माती न टाकता नुसतं भुरभुरायचं. तुळस दोन-तीन वर्षांचंच झाड आहे. जुनी, लाकूड झालेली तुळस सुकली तर घरात काही अशुभ झालं असं मानणारे असतात, त्यांना टेबलावरून एक नवं रोप द्या. पावसाळ्यात पन्नासेक रोपं पिशव्यांत करून ठेवा.